दाब, सोड, दाब

लग्नाच्या दिवशी सकाळी घरातली सगळी माणसं एका आरशापुढे रांग लावून उभी होती, आणि वायरवाली मात्र व्हॅनच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरली होती. लग्न नणंदेचं होतं हे त्यातल्या त्यात बरं. स्वतःचं असतं तरी हिनं हेच केलं असतं, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आणि त्यात काडीचंही खोटं नव्हतं.

डोंगरमाथ्यावरचं ते लहानसं गाव. घाट चढून दमलेल्या गाड्या इथे थांबायच्या आणि पलीकडे उतरायच्या आधी एकदा गॅरेजात डोकावून जायच्या. गॅरेज घराला खेटूनच होतं; मधल्या दारातून ग्रीसचा वास घरात जायचा आणि स्वयंपाकाचा वास गॅरेजात यायचा. चाकं, ब्रेक, नटबोल्ट हा नवऱ्याचा प्रांत, म्हणून तो सगळ्या गावाचा पानेवाला. गाडीतली वीज हिच्याकडे, म्हणून ही वायरवाली. नावं होती दोघांना, पण ती सही करण्यापुरती.

दोघांची कामाची एक रीत होती. ब्रेक तपासायचा म्हणजे पानेवाला सीटवर, पाय पेडलवर. वायरवाली बॉनेटपाशी, तळहात पंपावर. बॉनेट उघडं असलं की सीटवरून पुढचं काही दिसत नाही, तेव्हा तो सगळा तिच्या आवाजावर. ती म्हणायची, 'दाब', की तो दाबायचा. ती म्हणायची, 'सोड', की तो सोडायचा. मधे त्यानं एक शब्द बोलायचा नाही आणि आपलं डोकं चालवायचं नाही. लग्नाच्याही आधीपासूनची ही सवय. गिऱ्हाइकं चिडवायची, घरात पण असंच चालतं का म्हणून. त्यावर पानेवाला सांगायचा, "छे, घरात आईचं राज्य आहे. इथं मात्र ही म्हणेल ती पूर्व."

तर आज दुखणं होतं ते घरच्याच व्हॅनचं. दोन-चार दिवसांपासून डॅशबोर्डवर एबीएसचा पिवळा दिवा लागत होता. हे एबीएस म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकतो. जोरात ब्रेक मारला की चाकं जाम होतात, आणि जाम चाकांची गाडी स्टिअरिंगला मुळीच जुमानत नाही. नाक असेल त्या दिशेला सरळ घसरत जाते. ते होऊ नये म्हणून बॉनेटखाली एक धातूचा ठोकळा असतो आणि त्याला चिकटलेली मुठीएवढी मोटर. चाक जाम होतंय असं कळलं की तो ठोकळा ब्रेक भराभर सोडतो, दाबतो, सोडतो, दाबतो, आणि सुटलेलं ब्रेक ऑइल परत वर ढकलायचं काम मोटर करते. हे काम इतक्या झपाट्यानं चालतं की कुठल्याही माणसाचा पाय तिथे पुरा पडणार नाही.

लग्नाचा हॉल होता घाटाच्या पायथ्याशी, शहरात. नवरी, तिची आई, तीन आत्या, फुलांच्या टोपल्या, सगळं याच व्हॅनमधून खाली उतरायचं होतं. एवढी माणसं पोटात घेणारी दुसरी गाडी गावात नव्हती. आणि गाडी उतरायला ठीक आहे की नाही, हे सांगायचं होतं वायरवालीनं. तिच्या तोंडून 'हो' निघाल्याशिवाय पानेवाला किल्ली फिरवणार नव्हता. म्हणून ती आरशापुढे नव्हती, इथे होती.

स्कॅनरनं सांगितलं, पंप मोटरच्या सर्किटमध्ये बिघाड. एवढ्यावर नवी मोटर मागवणारे लोक असतात. वायरवालीला त्यांचा मनस्वी राग यायचा. स्कॅनर फक्त गल्ली दाखवतो, घर आपणच शोधायचं असतं, असं तिचं म्हणणं. तिनं बॅटरी बघितली, ती ठणठणीत होती. फ्यूज शाबूत. मोटरला वीज जोडणारा-तोडणारा रिले टकटक वाजत होता. मोटरच्या कनेक्टरपर्यंत पुरेपूर वीज पोचत होती. मग ती वळली अर्थिंगच्या वायरीकडे, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मोटर चालवून मीटर लावला, तर जिथे जवळपास शून्य दिसायला हवं तिथे चांगला दीड व्होल्ट अडकून बसला होता. बोल्ट खोलला. खाली हिरवट गंज.

"सापडली गं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिनं बॉनेटवर तबला वाजवला.

पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, बोल्ट आवळला, स्कॅनरनं दाखवलेला बिघाडाचा कोड पुसला. दिवा विझला. मधल्या दारात नणंद उभी होती, केसांत गुंडाळ्या आणि अंगात लग्नाचा अर्धाच पोशाख. तिनं तिथल्या तिथे एक गिरकी घेतली. आतून आत्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "झालं ना? मग आता हात धू आणि माणसात ये."

वायरवालीनं किल्ली काढून खिशात टाकली, बॉनेट खाली घेतलं, आणि तेवढ्यात आतून गुणगुण ऐकू आली.

मोटर चालू होती.

रिलेचे पॉइंट चिकटले असतील, तिनं मनात म्हटलं. बॉनेट उघडून रिले उपसून काढला आणि हातात धरला. गुणगुण चालूच. कुठेतरी वायरीला वायर लागली असेल. तिनं मोटरचा कनेक्टरच ओढून काढला. आता मोटरला कुठलीही वायर नव्हती. ती तरी फिरत होती. वेग भरलेला आहे, जिरेल, असं म्हणून वायरवाली पायरीवर बसली आणि कपभर चहा प्यायली. चहा संपला. मोटर अजून फिरतच होती, मजेत, कोणी काम करता करता तोंडातल्या तोंडात गाणं म्हणावं तशी. मग तिनं बॅटरीची टर्मिनल काढून ठेवली. त्यानंही काही फरक पडला नाही.

आता खरं सांगायचं तर तिला इथवर भीती वाटली नव्हती. उलट चेव चढला होता. असा बिघाड उभ्या जन्मात बघितला नव्हता, आणि न बघितलेला बिघाड म्हणजे वायरवालीला गोडाचं जेवण. तिनं मीटर घेतला आणि त्याची दोन टोकं मोटरच्या उघड्या पिनांना लावली.

मीटरवर आकडा आला.

सायकलच्या दिव्याचा डायनॅमो असतो ना, चाकानं फिरवला की वीज देणारा, तसंच या मोटरचं असतं. वीज दिली तर ती फिरते. आणि कोणी तिला बाहेरून फिरवली तर ती वीज देते. आत्ता ती वीज देत होती. म्हणजे ती आपली आपण फिरत नव्हती. तिला कोणीतरी फिरवत होतं.

वायरवालीनं ठोकळ्याच्या चहूबाजूंनी हात फिरवला. पट्टा नाही, दातेरी चाक नाही. आत बोटाच्या पेराएवढे दोन दट्टे, ते काय तिला फिरवणार. इंजिन थंडगार. तिनं तळहात मोटरवर ठेवला, रोज ठेवायची तसा. मोटर तत्काळ थांबली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. घरात कोणीतरी गाणी लावली होती, आत्या सुरात सूर मिसळत होत्या. मग तळहाताखाली एक लहानसा धक्का बसला. पुन्हा शांत. पुन्हा एक धक्का. वायरवालीला ती लय कळायला वेळ लागला नाही, तिचीच तर होती. सीटवर कोणी नव्हतं, दार सताड उघडं होतं, पानेवाला आत शर्टाला इस्त्री करत होता.

"दाब," ती अगदी हळू म्हणाली.

मोटर फिरली.

"सोड."

थांबली.

तिनं हे पुन्हा केलं, आणि आणखी एकदा. मग मुद्दाम गप्प राहिली. मोटरही गप्प राहिली, कान देऊन बसल्यासारखी. वायरवालीनं हात काढून घेतला.

पानेवाल्याला बोलावलं तेव्हा तो अर्ध्या इस्त्रीच्या शर्टात आला, ऐकून घेतलं, बघून घेतलं, आणि म्हणाला, "चला, तुझं ऐकणारं मी सोडून आणखी कोणी तरी निघालं. माझा भार हलका झाला."

"चेष्टा नको. तू म्हणून बघ."

त्यानं तळहात ठेवला. "दाब." काही नाही. "दाब रे बाबा." काही नाही. त्यानं हात पुसले, गरज नसताना परत पुसले, आणि एक पुन्हा मोटरवर ठेवला. वायरवाली दोन पावलं मागे उभी होती. ती म्हणाली, "दाब," आणि पानेवाल्यानं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"काढून टाक ती," तो म्हणाला.

"काढली तर एबीएस नाही."

"आपल्या वडिलांच्या गाड्यांना कुठं होतं? साधा ब्रेक आहे ना?"

साधा ब्रेक होता, आणि चांगला होता. एबीएस बंद पडलं तरी पायातला ब्रेक तसाच राहतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. वायरवालीनं मोटरचे स्क्रू काढले, ती ठोकळ्यापासून सुटी केली, उघड्या भोकावर पत्रा बसवून घट्ट केला. मोटर नेऊन टेबलावर ठेवली. मग बॅटरी परत जोडून पानेवाल्यानं गॅरेजापुढच्या उतारावर व्हॅन खालीवर नेली. ब्रेक झकास लागत होते.

पण वायरवालीचं मन मानेना. घाटात शेवटच्या वळणावर वरून खडी घसरून येते, तिथे चाकं जाम झाली तर? तिनं त्याला उताराच्या खडीवर नेलं आणि शिकवायला सुरुवात केली. जोरात दाबायचं, चाक घसरलं की पाय उचलायचा, स्टिअरिंग फिरवायचं, परत दाबायचं.

आणि इथेच ती गोम लक्षात आली. ती खिडकीशी उभी राहून 'सोड' म्हणाली की पानेवाल्याचा पाय विजेसारखा उचलला जायचा. ती गप्प राहिली की तो दाबूनच धरायचा. चाकं खडीत नांगरासारखी घुसायची आणि तो आपला बसलेला, मान तिच्याकडे वळवून.

"अरे, उचल की."

"तू कुठं म्हणालीस?"

"मी घाटात असणार आहे का म्हणायला?"

तो हसला, पण ओशाळून. "पायाला तुझ्याच आवाजाची सवय झाली गं. सांगितल्याशिवाय हलतच नाही."

पुष्कळदा करून घेतलं तेव्हा दोन-तीनदा त्याला आपलं आपण जमलं. मग तो खाली उतरला, तिच्यासमोर उभा राहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "तू नाही म्हणालीस तर आम्ही जाणार नाही. लग्न थांबेल, हॉल थांबेल, नवरदेव तर थांबेलच, तो आठ वर्षं थांबलाय."

तेवढ्यात नणंद दारात आली. पूर्ण नटलेली. लहानपणी याच गॅरेजात टायरमध्ये बसून झोपणारी, वहिनीची पक्कड पळवणारी, आणि नवरदेव पसंत आहे हे आईच्याही आधी वहिनीला गाडीखाली झोपून सांगणारी पोर. वायरवालीला एकदम भरून आलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते म्हणून तिनं नणंदेला लांबूनच मिठी मारल्यासारखं करून दाखवलं.

"जाऊ ना वहिनी?"

"जा," वायरवाली म्हणाली. "हळू जा."

तिला बरोबर जाता आलं नाही, कारण या अवतारात नवरीशेजारी बसू द्यायला आत्या तयार नव्हत्या आणि तिची जागा तोवर फुलांनी बळकावली होती. मागून फोटोग्राफर त्याच्या गाडीतून येणार होता, तो तिला आणणार असं ठरलं. व्हॅन निघाली. आतून गाणी, टाळ्या, सासूबाईंचा सगळ्यांच्या वर चढलेला आवाज. फाटकाशी पानेवाल्यानं उगीचच दोनदा ब्रेक दाबून मागचे लाल दिवे चमकवले.

आत टेबलावर मोटर दोनदा फिरली.

वायरवाली हात धुवायला निघाली होती, ती तिथेच थबकली. मग पुढे झाली आणि मोटरवर तळहात ठेवला. तशी ती सुटी मोटर होती, दोन उघड्या पिना, तळाला ऑइलचा ओलसर डाग, आजूबाजूला पाने आणि चिंध्या. काही नव्हतं. मग एक हलका धक्का आला. थोड्या वेळानं एक लांब, दमदार. लगेच दोन छोटे.

तिला तो रस्ता पाठ होता. हलका धक्का म्हणजे शाळेपुढचा उंचवटा. लांब दमदार म्हणजे पाण्याच्या टाकीखालचं पहिलं मोठं वळण. दोन छोटे म्हणजे अरुंद पूल, तिथे सगळेच दबकत जातात. व्हॅन डोंगरावरून खाली चालली होती आणि तिचा एकेक ब्रेक इथे टेबलावर उमटत होता.

खरं तर तिनं घाबरायला हवं होतं, पण तिला गंमत वाटू लागली. जणू सगळं वऱ्हाड तिच्या तळहातावरून चाललं होतं. हे जुनं झाड. हा आरसा लावलेला कोपरा. इथे पानेवाल्यानं जरा उशीर केला, शहाणा, नक्की मागे वळून काहीतरी विनोद करत असणार. ती एकटीच हसली. "नीट बघ पुढे," ती म्हणाली.

मग सरळ उतार आला. मोटर बराच वेळ गप्प राहिली. आता एकच वळण उरलं होतं.

धक्का आला तो मनगटापर्यंत.

मोटर टेबलावर थरथरू लागली, पाने खणखणले. ती थांबेना. हा नेहमीचा ब्रेक नव्हता. हा सगळा जोर लावून, सीटवर उठून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मारलेला ब्रेक होता. चाकं जाम झाली होती.

आता उचल, ती मनात म्हणाली. उचल पाय.

मोटर थांबेना.

तो पाय उचलत नव्हता. तो वाट बघत होता.

वायरवालीनं तोंड उघडलं. एक शब्द म्हणायचा होता, आयुष्यभर म्हणत आलेला. घशातून हवा आली, आवाज आला नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला. नाही.

मोटर अचानक सुटली.

लागली. सुटली. लागली. मग इतक्या भराभर की धक्के मोजता येईनात, नुसती एक थरथर तळहातातून खांद्यापर्यंत चढली.

मग शांत.

तिनं फोन उचलला. लागला नाही. परत लावला. घाटात कधी लागतो तो आज लागणार होता. ती गॅरेजाच्या दारात गेली, परत आत आली, परत दारात गेली. मोटरला हात लावायची तिची छाती होईना.

फोन वाजला.

आधी ऐकू आला तो नुसता गलका. हसणं, रडणं, हॉर्न, परत हसणं. मग पानेवाला. "पोचलो. सगळे धड. फुलंसुद्धा धड."

ती पायरीवर बसली. "काय झालं?"

"शेवटच्या वळणावर ट्रक आडवा. त्यात ती खडी. मी दाबला, आणि व्हॅन निघाली की सरळ दरीकडे. पण बाई, तू वेळेवर म्हणालीस हां. मानलं तुला."

"काय म्हणाले मी?"

"काय म्हणजे? सोड म्हणालीस. मग दाब, मग सोड, माझा पाय आपला तुझ्या मागे मागे. ट्रकच्या कडेनं अशी अलगद निघाली गाडी. अगं सगळ्यांनी ऐकलं, बॉनेटमधून आल्यासारखा आवाज. आई म्हणतेय, कानठळ्या बसल्या. थांब, तिला देतो."

सासूबाईंनी फोन घेतला. "एवढ्यानं ओरडतात का गं? पण ओरडलीस ते बरं केलंस. ये लवकर, तुझ्याशिवाय नवरीला बोहल्यावर उभंच राहायचं नाहीये." आणि मग, जरा थांबून, "फोन कुठं ठेवला होतास तू गाडीत?"

वायरवालीला रडू येत होतं आणि हसू येत होतं, आणि दोन्ही इतकं होतं की मधे प्रश्नाला जागाच नव्हती. सगळे जिवंत होते. बाकीचं गेलं खड्ड्यात. तिनं कोपरापर्यंत साबण लावला, गाणं म्हणत कपडे बदलले, आणि फोटोग्राफरची गाडी आली तेव्हा ती फाटकाशी सगळ्यात आधी उभी होती.

शेवटच्या वळणावर मात्र तिनं त्याला गाडी हळू करायला लावली. खडी उडून उघड्या पडलेल्या डांबरावर टायरचे काळे पट्टे होते. आधी दोन सलग, थेट कठड्याच्या तुटक्या भागाकडे गेलेले. मग अगदी काठाशी ते तुटले होते. बोटभर काळं, बोटभर मोकळं, बोटभर काळं, एका सुबक गोलाईनं रस्त्यावर परत येणारे. फोटोग्राफर म्हणाला, काय सुंदर दिसतंय, आणि त्यानं फोटो काढला. वायरवाली नुसती बघत राहिली. इतकं भराभर दाबणं-सोडणं माणसाच्या पायाला जमत नाही.

हॉल उन्हानं भरला होता. उंच खिडक्या, पांढऱ्या भिंती, सगळीकडे तीच फुलं. नणंदेचं लग्न लागलं आणि ती वहिनीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली, मग तोंड धुऊन आली आणि पहिल्यापेक्षा दुप्पट हसू लागली. नवरदेवाला तर काय करू आणि काय नको असं झालं होतं. तो दिसेल त्याचे आभार मानत होता, वाढप्यांचेसुद्धा. ट्रकची गोष्ट आत्या प्रत्येक टेबलावर जाऊन सांगत होत्या, आणि प्रत्येक टेबलागणिक ट्रक मोठा होत होता. लोक उठून वायरवालीशी हात मिळवत होते. वायरवाली सगळ्यांना हसून मान डोलावत होती. आज इतकं सुख झालं होतं की ते कोणाच्या नावावर लिहायचं याची उठाठेव तिला नको होती.

वाद्यं सुरू झाली तेव्हा सगळे मधे उतरले. सासूबाई उतरल्या, तिन्ही आत्या उतरल्या. पानेवाल्यानं येऊन तिच्यापुढे हात धरला आणि ती चकित झाली. हा माणूस एरवी नाचायची वेळ आली की पाणी प्यायला जायचा. त्याचे पाय एकमेकांशी बोलत नसत. आज तो तिला घेऊन थेट मधोमध गेला आणि नाचू लागला. सुरेख नाचला. एक पाऊल चुकलं नाही. तालावर पाय टेकत होता, तालावर उचलत होता, आणि चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळालेल्या पोराचं हसू. लोक बाजूला सरकून बघायला लागले. नणंद ओरडली, "दादा, कधी शिकलास रे?"

वायरवालीनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला तो इतका आवडला होता या क्षणी, की डोळ्यांत पाणी आलं. "खरंच, कधी शिकलास?" तिनं विचारलं.

"शिकायचंय काय त्यात?" तो तिच्या कानाशी म्हणाला. "मघापासून तूच तर सांगतेयस, कधी दाबायचं, कधी सोडायचं."

वायरवालीनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि खाली बघितलं.

त्याचा पाय अलगद उचलला गेला, हवेत क्षणभर थांबला, आणि बरोबर तालावर खाली टेकला.